हलू नकोस, कान जाईल

माणूस खुर्चीत बसला की त्याचं डोकं माझ्या हातात येतं, आणि डोकं हातात आलं की कोणाची ना कोणाची जीभ सुटते. त्याची नाही सुटली तर माझी सुटते. बावीस वर्षं मी केस कापतोय. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दोन खुर्च्या, दोन आरसे, बाहेर एक बाक. त्या बाकावर बसणाऱ्यांतले निम्मे केस कापायला येतच नाहीत, नुसते ऐकायला येतात. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचा जावई कामधंदा करत नाही, कोणाला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, सगळं मला ठाऊक. फक्त माझ्या स्वतःच्या घरात काय चाललंय, तेवढं ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायको नर्स. ती म्हणायची, तू तुझं सगळं बोलणं दुकानात संपवून येतोस आणि घरी फक्त राग घेऊन येतोस. खोटं नव्हतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या होला हो करायचं, आणि घरी आलो की तोंडाला कुलूप. कुलूप निघालंच तर आतून शिव्याच बाहेर पडायच्या. आमटीत मीठ जास्त, डोक्यात राख. टॉवेल जागेवर नाही, डोक्यात राख. हात कधी उचलला नाही, हे मी कोर्टात छाती पुढे काढून सांगितलं. त्यावर तिच्या वकिलीणबाईंनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, की घरातले किती कप शाबूत राहिलेत? आयुष्यभर मी लोकांची दाढी साबण लावून करत आलो, माझी मात्र भर कोर्टात बिनपाण्याने झाली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, पण आम्ही दोघं शहाणे होतो कुठे. वेगळं व्हायला दोघांची ना नव्हती. भांडण एकाच गोष्टीवरून होतं, ती म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी. तिला मी भिंगरी म्हणतो. दोन वर्षांची होती तेव्हापासून दुकानातल्या रिकाम्या खुर्चीत बसून पायाने भिंतीला रेटा द्यायची आणि स्वतःभोवती गरागरा फिरत राहायची. खाली उतरली की झोकांड्या खात माझ्या पायांना येऊन धडकायची. मग हसायची.

मुलगी आईकडे राहील, हे मी पहिल्या तारखेलाच मान्य केलं होतं. लहान मुलीला शाळेची तयारी, आजारपण, सगळं आईच बघते, आणि खरं सांगायचं तर ती ते माझ्यापेक्षा बरं करते. माझं मागणं एवढंच होतं की दर शनिवारी संध्याकाळी भिंगरीने माझ्याकडे राहायला यावं आणि रविवारी संध्याकाळी परत जावं. एक रात्र. दुकानाच्या वरची खोली मी तिच्यासाठी तयार केली होती. खिडकीशी छोटी कॉट टाकली, तिच्या उंचीला आरसा लावला. खटला इतका लांबला की आरशाचा खिळा मला एकदा काढून चार बोटं वर ठोकावा लागला.

सुरुवातीचे आठ महिने आमची भेट कोर्टाच्या इमारतीतच व्हायची. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, दोन तास. तळमजल्यावर मुलांची खोली म्हणून एक खोली आहे. भिंतींवर सशांची चित्रं, जमिनीवर जाड चटया, एक प्लास्टिकची घसरगुंडी, आणि तुकडे हरवलेली कोडी. कोपऱ्यात टेबलाशी समुपदेशक बाई बसायच्या. आई-बाप आणि मुलं एकमेकांशी कसं वागतात ते बघणं आणि वहीत लिहिणं, हे त्यांचं काम. बाई वाईट नव्हत्या. पण कोणी लिहीत असताना आपल्याच पोरीला मांडीवर घेऊन बघा, म्हणजे कळेल. मी हसलो तरी पेन हलायचं, शिंकलो तरी हलायचं.

तरी मी आठ महिने एकही शनिवार चुकवला नाही. शनिवार-रविवार म्हणजे आमच्या धंद्याचे दिवस. गिऱ्हाईकं कुरकुरली, काही समोरच्या दुकानात गेली. गेली तर गेली. आठ महिन्यांनी न्यायाधीशबाईंनी बाईंची वही वाचली आणि हुकूम दिला, की आता वडिलांनी दर रविवारी दहा ते सहा मुलीला बाहेर न्यावं, आणि तीन महिने सगळं नीट चाललं तर रात्रीच्या मुक्कामाचा विचार करू. मला त्या कोर्टातच कोणाची तरी फुकट दाढी करावीशी वाटली.

हुकुमाच्या कागदावर अटी होत्या. वेळेवर आणायचं, वेळेवर पोचवायचं. शाळा, औषधं आणि मुलीच्या दिसण्यात काही बदल करायचा तर आधी आईला विचारायचं. मी माझ्या वकीलसाहेबांना म्हटलं, दिसण्यात मी काय बदलणार, नाक? ते म्हणाले, अरे हे सगळ्यांना छापील असतं, कर सही. मी सही केली.

तिसऱ्या रविवारी माती खाल्ली.

दुपारची वेळ. रविवार असूनही शटर अर्धं पाडून ठेवलेलं, म्हणजे कोणी गिऱ्हाईक डोकवायला नको. भिंगरी आत ओढून घेतलेल्या बाकावर पालथी पडून चित्र काढत होती. केस लांब वाढले होते, मागे वेणी, पण पुढची झुलपं वेणीत न मावता डोळ्यांवर येत होती. दर दोन रेघांनी ती ओठ पुढे काढून फूः करून ती उडवायची, आणि ती परत तिथेच. फूः. दोन रेघा. फूः. मी हे किती वेळ बघणार? सुताराला डुगडुगणारं टेबल बघवत नाही, मला डोळ्यांवरचे केस बघवत नाहीत.

तीच म्हणाली, बाबा, फळी टाक ना.

लहान मुलांसाठी मी खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकतो, म्हणजे डोकं उंचीला येतं. तिचे पहिले केस मी त्याच फळीवर कापले होते. फळी टाकली, ती चढून बसली, मी गळ्याभोवती कापड बांधलं, बाटलीतून पाणी फवारलं. मग आमचं ठरलेलं सुरू झालं. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून कात्री हातात घेतली की मी म्हणतो, "हलू नकोस, कान जाईल." आणि ती आरशातून माझ्याकडे बघत गंभीरपणे म्हणते, "दुसरा आहे की." दर वेळी हेच. एकदाही चुकलं नाही आणि एकदाही आम्ही न हसता राहिलो नाही.

झुलपं कापली, दोन मिनिटांचं काम. तिथे थांबायला हवं होतं. पण वेणी सोडून बघितली तर टोकं फुटलेली. म्हटलं, एक बोट काढू. डावीकडे एक बोट काढलं तर उजवीकडे जास्त वाटलं. उजवीकडे काढलं तर डावीकडे. जित्याची खोड ती. हात कामाला लागला की डोकं झोपतं, आणि माझा हात बावीस वर्षांचा आहे. कात्री खाली ठेवली तेव्हा केस खांद्याला आले होते. दिसत मात्र इतके झकास होते की काय सांगू. भिंगरीने खुर्ची फिरवून चारी बाजूंनी बघून घेतलं. मी मानेवर ब्रश फिरवला, पावडर लावली, कापड झटकलं. गेल्या दीड वर्षात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सहाला पाच कमी असताना तिच्या इमारतीच्या फाटकाशी पोचलो. तिची आई खाली उभी होती. तिने सवयीने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात वेणी शोधत वर गेला. वर काही नव्हतंच. हात तिथेच थांबला. मी तिचं तोंड बघितलं आणि त्या क्षणी मला तो छापील कागद आठवला. मी म्हटलं, अगं, टोकं फुटली होती. ती मुलीला म्हणाली, चल, आणि आत गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आठवड्याभरात अर्ज आला. वडिलांनी हुकूम मोडला, मुलीच्या आईला विचारलं नाही, पुढेही विचारणार नाहीत, म्हणून बाहेरच्या भेटी बंद कराव्यात. सुनावणीपर्यंत पुन्हा मुलांची खोली.

वकीलसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. फक्त दाढीपुरतं, कारण डोक्यावर माझ्या उपयोगाचं काही उरलेलं नाही. खुर्चीत बसूनच आमची मसलत चालायची. गालाला साबण लावलेला असताना त्यांनी विचारलं, कापताना कोणी बघितलं होतं का? मी म्हटलं, नाही, शटर पाडलेलं होतं. म्हणाले, मुलगी काय म्हणते? मी म्हटलं, मुलगी खूश आहे. ते "हं" म्हणाले आणि डोळे मिटून पडले. त्या "हं"चा अर्थ मला त्या वेळी कळला नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. कळला होता.

पुढच्या शनिवारी मुलांच्या खोलीत भिंगरी घसरगुंडीकडे गेलीच नाही. माझ्याजवळ चटईवर बसून कोड्याचे तुकडे उगाच इकडून तिकडे करत राहिली. मग टेबलाकडे एकदा बघून हळूच म्हणाली, की आजी फोनवर सांगत होती, आता बाबाचे रविवार जाणार, केस कापले म्हणून. मी म्हटलं, मोठ्यांची बोलणी ऐकू नयेत. तिने हातातला तुकडा खाली ठेवला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी सांगू का, मीच कापले म्हणून?"

समुपदेशक बाई खाली मान घालून लिहीत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं उरली होती. मला नको म्हणायचं होतं. एवढासा शब्द. पण डोळ्यांसमोर ती खिडकीजवळची कॉट आली, वर ठोकलेला खिळा आला. मी तिचे केस कानामागे सारले आणि म्हटलं, चल, खेळ आता, वेळ जातोय.

बावीस वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस मी. आणि माझ्या पोरीने विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून नको निघालं नाही. हो म्हणालो नाही, असं म्हणून मी महिनाभर स्वतःची समजूत घातली. पण पोरगी माझी आहे. मला जे बोलायचं नसतं ते तिला आधी कळतं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात नेहमीसारखीच गर्दी. बाकांवर माणसं अंतर ठेवून बसलेली, एकाच लग्नाची दोन टोकं. शिपाई नावं पुकारतोय, कोणाचं मूल रडतंय, कोणी भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलतंय. भिंगरी समोरच्या बाकावर आई आणि आजीच्या मध्ये होती. डोक्यावर टोपी, पार भुवयांपर्यंत ओढलेली. एवढ्या उकाड्यात टोपी कशाला, असं मनात आलं. मी हात हलवला, तिने हलवला. तिची आई माझ्याकडे बघत होती. रात्रपाळी करून न झोपताच आली असावी, डोळे लाल होते. एकटक बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हे मला विचित्र वाटलं. राग मला ओळखता येतो.

मुलीशी न्यायाधीशबाई आपल्या आतल्या खोलीत बोलणार होत्या, आई-बाप आणि वकील कोणीही नको. समुपदेशक बाई भिंगरीचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. वीस मिनिटं झाली. वकीलसाहेब म्हणाले, काळजी करू नकोस, मुलगी हुशार आहे. मग शिपायाने दार उघडलं आणि आई-वडील दोघंच या म्हणाला.

खोली लहान. टेबल, फायलींचे गठ्ठे, पाण्याचा जग. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, भांगाशी पांढरे केस बोटभर दिसत होते, म्हणजे रंग लावून दोनेक महिने झाले असणार. काय करू, कुठेही गेलो तरी मी आधी डोकीच बघतो. म्हणूनच भिंगरीकडे बघायला मला क्षणभर उशीर झाला. टोपी टेबलावर होती.

पुढची झुलपं कुरतडलेली होती. उजवीकडे जवळजवळ मुळापासून गेलेली, मध्ये एक लांब बट तशीच राहिलेली, डावीकडे पायऱ्या पायऱ्या. शाळेतली कागद कापायची बोथट कात्री. ती कात्री केस कापत नाही, चावते. डाव्या भुवईवर चिकटपट्टी होती आणि पट्टीच्या कडेला लाल. कात्री बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

आणि माझी पोरगी माझ्याकडे बघत होती. काठोकाठ भरलेला पेला न सांडता बापाला आणून दिल्यावर लहान मूल बघतं ना, तशी.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, मुलीचं म्हणणं आहे की त्या रविवारीही केस तिने स्वतःच कापले, दुकानातल्या कात्रीने, तुमचं लक्ष नसताना. तिला सवयच आहे म्हणते. आज सकाळीही कापले, ते बघा. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणता? घाई करू नका."

मला काही म्हणायचीच गरज नव्हती. माझं लक्ष नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रविवार मिळाले असते, पुढे शनिवारची रात्रही मिळाली असती. तिची आई शेजारी उभी होती, ती काहीच सिद्ध करू शकली नसती. माझ्या आयुष्यात मला इतकी सोपी गोष्ट कोणी दिली नव्हती. आणि ती देणाऱ्या पोरीच्या कपाळावर पट्टी होती. ती आरशासमोर एकटी उभी राहिली असेल, हाताने झुलपं ताणून धरली असतील, डोळे मिटले असतील. शेजारी हलू नकोस म्हणायलाही कोणी नाही.

मी म्हणालो, "मी कापले. वेणीसकट मीच कापले. आणि ती इथे येऊन असं सांगणार, हेही मला माहीत होतं. तिने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं नाही."

भिंगरीने आधी माझ्याकडे बघितलं, मग न्यायाधीशबाईंकडे. पेला हातातून सुटला होता आणि कोणाच्या हातून सुटला ते तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, मी बरोबर सांगितलं होतं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? म्हटलं, तू सगळं बरोबर केलंस, बाबाचं चुकलं. ती रडायला लागली, आवाज न करता, मोठ्या माणसांसारखी. समुपदेशक बाईंनी तिला उचलून घेतलं आणि बाहेर नेलं. आठ वर्षांची घोडी, पण तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. दार लागेपर्यंत मला ती कुरतडलेली झुलपं दिसत होती.

मग तिची आई बोलली. इतक्या तारखांत ती न्यायाधीशांशी स्वतः बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने सांगितलं की सकाळी घरी आले तर बाथरूममध्ये रक्त होतं. विचारलं तर म्हणे मी नेहमीच कापते. तेव्हाच मला कळलं, हे बाबाच्या रविवारांसाठी आहे. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, की वेगळं झाल्यापासून ही माझ्याशी बोलायची नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. फक्त सकाळी वेणी घालताना बोलायची. पाठ माझ्याकडे असायची ना, तोंड दिसायचं नाही, म्हणून बोलायची. दहा मिनिटं. शाळेतलं सांगायची, कधी बाबाचं सांगायची. केस खांद्यापर्यंत आल्यापासून वेणी नाही. आता ती स्वतःच कंगवा फिरवते आणि जाते.

 फळीवर बसलेली भिंगरी मला आठवली, आरशातून माझ्याकडे बघणारी. मला वाटत होतं, पोरीचं डोकं हातात घेऊन बसायची जागा माझी एकट्याचीच आहे. मी टोकं कापली नव्हती. मी तिच्या आईची दहा मिनिटं कापली होती, आणि तीही ब्रश फिरवून, पावडर लावून.

न्यायाधीशबाईंनी टेबलावरची टोपी उचलून तिच्या आईपुढे ठेवली. मग म्हणाल्या, "केसांसाठी मी तुमचे रविवार काढले नसते. समज देऊन सोडलं असतं. केस वाढतात."

एवढं बोलून त्यांनी पेन उचललं. एक वर्षभर भेट मुलांच्या खोलीतच, पंधरा दिवसांतून एकदा, दोन तास. मुक्कामाचा अर्ज फेटाळला. मुलीला समुपदेशक बाई दर आठवड्याला भेटतील. लिहिता लिहिता त्या एवढंच म्हणाल्या, की तुम्ही खरं बोललात त्याची नोंद मी करतेय, पण उशीर केलात त्याचीही करावी लागेल. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पण या वेळी मला राग आला नाही. शोधला तरी सापडला नाही.

व्हरांड्यात वकीलसाहेब भेटले, कपाळाला हात लावून म्हणाले, अरे, गप्प बसला असतास तर. मी म्हटलं, साहेब, गप्प बसलो होतो म्हणूनच तर हे झालं. ते फाईल बगलेत मारून निघून गेले. अजून दाढीला येतात, पण हल्ली आम्ही हवापाण्याचंच बोलतो.

जिन्याशी तिची आई थांबली होती. आजी भिंगरीला घेऊन पुढे गेली होती. मी जवळ गेलो आणि म्हटलं, वेणीचं मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "विचारायचं होतंस." मग दोन पायऱ्या उतरून वळली. "आत बोललास ते बरं केलंस. असा घरी कधी बोलला असतास तर आपण इथे आलोच नसतो."

मी खाली जाईपर्यंत त्यांची रिक्षा निघून गेली होती.

त्याला आता पाच महिने झाले. केस महिन्याला अर्धं बोट वाढतात. कॅलेंडर न बघता मी तिच्या डोक्यावरून सांगू शकतो किती शनिवार गेले. पहिल्या शनिवारी झुलपं उंदराने खाल्ल्यासारखी उभी. माझे हात शिवशिवायचे, मी ते मांडीखाली दाबून बसायचो. नुसता कंगवा फिरवला असता तरी चाललं असतं, समुपदेशक बाई काही म्हणाल्या नसत्या. पण मीच हात लावला नाही. मग बटा कपाळावर लोळायला लागल्या. मग भुवयांपर्यंत आल्या. भुवईवर एक बारीक पांढरी रेघ राहिली आहे, तिथे केस उगवत नाहीत. कधीच उगवणार नाहीत, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे.

सुरुवातीला ती माझ्याशी जपून बोलायची. काही सांगण्याआधी टेबलाकडे बघायची, मग माझ्याकडे, हे सांगितलं तर चालेल ना अशी. ते बघणं माझ्या जिव्हारी लागायचं. मग हळूहळू सैल झाली. एकदा म्हणाली, आई आता पुन्हा वेणी घालते, छोटीशीच, बोटाएवढी. मी विचारलं, मग बोलता का तुम्ही? ती म्हणाली, हो, पण तुला नाही सांगणार काय ते. मी म्हटलं, नकोच सांगूस.

काल आली तेव्हा दारातच मला दिसलं. झुलपं कापली होती. भुवईच्या जरा वर, सरळ, आणि पांढरी रेघ झाकली जाईल इतपत एक बट बाजूला वळवलेली. मागे वेणी तशीच, तिच्या टोकांना हात लावलेला नव्हता. ज्याने कोणी केलं त्याला धंदा कळत होता. कानामागे एक केस वेडावाकडा नाही. मी खोट काढायला बसलो आणि मला एक खोट मिळाली नाही.

ती माझ्यासमोर चटईवर बसली आणि विचारलं, चांगले कापलेत का? मी म्हटलं, छान कापलेत. खरंच छान. कोणी कापले? ती म्हणाली, आईच्या हॉस्पिटलजवळ एक दुकान आहे, तिथल्या ताईंनी. तिथे फळी नाही, खुर्चीच वर-खाली होते, पायाने दाबलं की. ताई काहीच बोलत नाहीत, गप्प कापतात. मी म्हटलं, तेच बरं, बोलणाऱ्यांचं चित्त ठिकाणावर नसतं. ती हसली नाही. हरवलेल्या तुकड्यांचं कोडं पुढे ओढून त्यातला एक तुकडा नखाने खरवडत बसली. मग खालीच बघत म्हणाली, "ताईंनी कात्री घेतली ना, तेव्हा मी म्हटलं, दुसरा आहे की."

मी तिच्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिलो.

"त्या म्हणाल्या, काय दुसरा आहे? त्यांना कळलंच नाही, बाबा. मग मी नाही हलले."

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. टेबलाशी बाईंचं पेन थांबलं होतं. मी तिला जवळ ओढलं, तिचे दोन्ही कान दोन हातांत धरले आणि बघितलं. म्हटलं, आहेत की दोन्ही जागेवर. तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिने माझ्या छातीत तोंड खुपसलं. वेळ संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.